पाच शिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक म्हणून कार्यभार नुकताच आलाय. मुलांची प्रगती, समान संधी आणि शिक्षकांवरचा ताण हे सगळं एकदम कसं सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय की शाळा बीड जिल्ह्यातली, पहिली ते सातवी, पट १४०, निम्मी मुलं ऊसतोड मजुरांची आणि तुमच्याकडे स्वतःचा वर्गही आहे. तीन गोष्टींसाठी तीन नवे उपक्रम काढू नका, उपक्रमांनी शाळा आधीच दमलेल्या असतात. मी म्हणेन, आधी तासिका वाचवा. शिक्षक वर्गाबाहेर गेला की पहिल्यांदा मागे पडतं ते घरी कुणी शिकवणारं नसलेलं मूल, आणि बुडालेलं भरून काढायचं ओझं परत त्याच शिक्षकावर येतं.

सुरुवातीचे दोन आठवडे फक्त मोजा. आज कुठली तासिका बुडाली, कशामुळे, एवढी एक ओळ प्रत्येकाने वहीत लिहायची. बहुतेक ठिकाणी मोठं कारण निघतं ‘माहिती आजच पाठवा’. ती माहिती पुष्कळदा तीच ती असते: प्रवर्गनिहाय पट, आधार, बँक खाती, दिव्यांग विद्यार्थी, खोल्या, शौचालयं. त्याची एकच फाईल करा, दर महिन्याच्या १ तारखेला दुरुस्त करा आणि उत्तरं मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावरच पाठवा. पोषण आहाराच्या नोंदी कायम एकाच्याच गळ्यात नकोत, महिन्यागणिक फिरवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. तोंडी काम आलं तर वाद घालू नका, नम्रपणे लेखी आदेश मागा.

आता शिकण्याचं. प्रत्येक मुलाला एकेकट्याने जवळ बसवून वाचायला लावा. मुलामागे पाच मिनिटं धरली तर १४० मुलांचे ७०० मिनिटं, म्हणजे पाच जणांत प्रत्येकी सव्वादोन-अडीच तास. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, यातलं कुठपर्यंत जमतं तेवढंच लिहा. गणितात दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. मग तिसरी ते पाचवीसाठी रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट बसवा आणि दर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून गट बदला.

हे बिघडतं ते ठरावीक जागी. सगळ्यात अनुभवी शिक्षक हुशार गटाला दिला जातो आणि मागच्या गटाला फळ्यावरचं उतरवून घ्यायला बसवतात. नेमकं उलटं करा: मागचा गट सर्वात लहान ठेवा आणि सर्वात जाणत्या शिक्षकाकडे द्या. गटांची नावं भिंतीवर लावू नका. एकदा पोराला ‘ढ’ म्हटलं गेलं की ते तोंड उघडणं बंद करतं, आणि मग त्याची चूक कुठे होते तेच कळत नाही.

समान संधीसाठी हजेरीपटासारखी वही नाही. महिन्याची हजेरी वारांप्रमाणे पाहा. बाजाराच्या दिवशी मुलीच गैरहजर असतील, तर घरी धाकट्या भावंडाला कोण सांभाळतं ते विचारा. अंगणवाडीशी बोलून तो प्रश्न सुटू शकतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची यादी दसऱ्याआधी तयार हवी. आजी किंवा काकू मागे राहणार असेल तर मुलाला गावातच ठेवण्याबद्दल बोला आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह वेळेत पाठवा. टोळ्या निघाल्यावर पाठवून उपयोग नाही. जी मुलं जातीलच त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे जातील तिथल्या शाळेत ते दाखवून बसता येतं. परतल्यावर त्यांना सगळ्यांसमोर ‘कुठे होतास?’ विचारू नका, थेट वाचन तपासून गटात बसवा.

झाडलोट कोण करतं, पाणी कोण आणतं, २६ जानेवारीच्या भाषणाला नेहमी कुणाचं नाव येतं, हेही बघा. ही कामं हजेरी क्रमांकाने फिरवली की जात आणि मुलगी-मुलगा हे भेद बऱ्याच अंशी कमी होतात. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदा सांगतो, पण सकाळी अकराची बैठक ठेवली तर मजूर आई येणार कशी? मग घरोघर सह्या गोळा होतात. संध्याकाळी, वस्तीजवळ बैठक घ्या.

शिक्षकांबद्दल. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास तयारीचा वेळ धरून मोजलेत. म्हणजे पाठाचं टाचण काढणं आणि वह्या तपासणं हे कामच आहे, घरी नेण्याचं ओझं नव्हे. वेळापत्रकात रोज एक तासिका त्यासाठी मोकळी ठेवता येते का बघा. पाच जणांत रोज नाही जमलं, तर आठवड्यात दोन तरी जमवा. वर्ग पाहायला वीस मिनिटं बसा, काय चांगलं झालं आणि एकच काय बदलावं ते त्याच दिवशी बोला, शेरेवहीत लिहू नका. कुणी किरकोळ रजेवर गेलं तर दोन वर्ग कसे जोडायचे ते आधीच ठरलेलं असावं, नाहीतर आजारी माणूसही अपराधी वाटून शाळेत येतो. सेवापुस्तकातल्या अडकलेल्या नोंदी, वैद्यकीय बिलं यांचा पाठपुरावा तुम्ही स्वतः करा. शिक्षकांच्या मनातला ताण अनेकदा तिथला असतो. आणि शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी आहे ना, हे उद्याच तपासा.