कासच्या फुलांवरून देव सिद्ध होतो का?

प्रश्न थोडक्यात असा : कॉलेजच्या सहलीत ख्रिस्ती मैत्रिणीने कास पठाराकडे हात करून विचारलं, "हे बघूनही देव नाही म्हणशील?" आणि तुम्हाला उत्तर सुचलं नाही. मी स्वतः ख्रिस्ती, साताऱ्याचा, आणि सप्टेंबरात कासची एक फेरी चुकवत नाही. तरी सांगतो, तिचा युक्तिवाद आहे त्या रूपात लंगडा आहे.

त्याचं मूळ जुनं आहे. आकाश देवाचा महिमा सांगतं, असं बायबलमधलं १९ वं स्तोत्र म्हणतं. देवाचे अदृश्य गुण त्याने निर्मिलेल्या गोष्टींवरून कळतात, असं प्रेषित पौल रोमकरांना लिहितो. इंग्रज धर्मगुरू विल्यम पेलीने १८०२ साली त्याला घड्याळाचं रूप दिलं : माळावर दगड दिसला तर आपण पुढे जाऊ, पण घड्याळ सापडलं तर घडवणारा कुणीतरी असणारच म्हणू. मग घड्याळासारखीच नेमकी जुळणी असलेल्या डोळ्याचं काय? तरुणपणी डार्विनला हे पटलं होतं. त्यानेच १८५९ मध्ये दाखवलं की कारागीर न मानताही, नैसर्गिक निवडीतून, अशी जुळणी पिढ्यानपिढ्या घडत जाऊ शकते.

आता कासलाच या. मैत्रीण जी निळी-जांभळी चादर बघून हरखली, ती बहुधा सीतेची आसवं. खाली जांभा दगड, वर बोटभर माती, तिच्यात नत्र नावापुरतं. म्हणून हे नाजूक झाड जमिनीखालच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेतं आणि पचवतं. शेजारचा दवबिंदू तर चिकट थेंबांवर उघडपणे किडे धरतो. सौंदर्य देवाच्या खात्यावर जमा करायचं, तर हा सापळाही त्याच खात्यावर येतो. जिवंत अळीला आतून खाणाऱ्या माशीवरून डार्विनही अडला होता; १८६० च्या एका पत्रात त्याने तसं लिहिलं आहे.

माझ्या मते पेलीपेक्षा तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस भक्कम आहे. विश्वाला आरंभ होता हे नुसत्या तर्काने सिद्ध होत नाही, हे तोच कबूल करतो. त्याचा प्रश्न आरंभाचा नाहीच, या घटकेचा आहे. आपल्याकडे उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. मागचीला पुढची ओढते, पण दोनाच्या दोनशे केल्या तरी ट्रॉल्यांनी ट्रॉल्या हलणार नाहीत, ओढणारं काहीतरी लागतंच. जे स्वतःच्या बळावर नाही ते आत्ता कशाच्या आधारावर टिकून आहे, असं तो विचारतो. इथे डार्विनचं उत्तर चालत नाही, कारण विषयच वेगळा आहे.

पण या वाटेने येशूचा पिता भेटतो का? नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचं या विषयावरचं पुस्तक १७७९ मध्ये, त्याच्या मरणानंतर निघालं. त्यात आक्षेप आहे की जग बांधणारे अनेक का नसावेत? गंमत म्हणजे रामानुजाचार्यांनी श्रीभाष्य या ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात न्याय दर्शनवाल्यांच्या घट-कुंभार तर्काला (घट आहे म्हणजे कुंभार असणारच, तसा जगाचाही कर्ता असणार) जवळपास हाच टोला कित्येक शतकं आधी लगावला, आणि ईश्वर शास्त्रावरूनच कळतो म्हटलं. (हे वाचलं तेव्हा मला बायबल क्लासमधली भांडणं आठवली.) आमच्यातही एकमत नाही. १८७० च्या कॅथलिकांच्या व्हॅटिकन परिषदेने बुद्धीच्या प्रकाशात देव ओळखता येतो असं ठरवलं, तर प्रॉटेस्टंट ईश्वरविद्या-पंडित कार्ल बार्टने १९३४ साली नैसर्गिक ईश्वरविद्येला, म्हणजे निसर्ग आणि बुद्धीवरून देव जाणण्याच्या प्रयत्नाला, उत्तर म्हणून "नाही!" याच नावाची पुस्तिका काढली.

माझी श्रद्धा आईच्या संध्याकाळच्या प्रार्थनेतून आली, फुलांवरून नाही. फुलं बघताना ती प्रार्थना आठवते, एवढंच. मला वाटतं मैत्रिणीचंही तसंच असावं; ती पुरावा देत नव्हती, तिला आनंद झाला होता. पुढच्या खेपेला वाद घालू नका. त्या पिशव्यांची गोष्ट तिला सांगा आणि ती काय म्हणते ते इथे येऊन लिहा.