रीडिंग दोन, कॉस्टिक एकच

प्रश्न : मी घरी खोबरेल तेलाचा साबण करते. ५०० ग्रॅम तेलाला ८७ ग्रॅम कॉस्टिक सोडा, असं माझं माप ठरलेलं आहे. पण या पावसाळ्यापासून वडी मऊ राहते, बोटाला तेलकट लागते. बी.एस्सी.ला असलेल्या लेकीने कॉलेजात टायट्रेशन करून पाहिलं, म्हणजे ॲसिड थोडं थोडं घालत कॉस्टिक किती आहे ते मोजलं. त्याच डब्यातलं ४ ग्रॅम कॉस्टिक, एक लिटर द्रावण, त्यातलं १० मिलि, ब्युरेटमध्ये (खुणा असलेल्या, तोटीच्या काचनळीत) ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड; नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप. फिनॉल्फ्थॅलीन या रंगदर्शकाचा गुलाबी रंग ८.६ मिलिला गेला. त्याच फ्लास्कमध्ये मिथिल ऑरेंज हा दुसरा रंगदर्शक घातला, तर केशरी व्हायला ९.० पर्यंत जावं लागलं. खरं रीडिंग कोणतं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, दोन्ही खरी. लेकीने ॲसिड ब्युरेटमध्ये आणि कॉस्टिक फ्लास्कमध्ये घेतलं, हेही बरं केलं. काचेच्या ब्युरेटमध्ये रात्रभर कॉस्टिक राहिलं की तोटी अशी धरते, की मी प्रयोगशाळेत असताना अशा किती ब्युरेटी मोडीत काढल्या!

आता तुमच्या डब्याकडे. दर वेळी झाकण उघडलं की कॉस्टिक हवेतली ओल ओढतं आणि कार्बन डायऑक्साइडही. त्याचा होतो सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा. वजनात तो भरतो, पण तुमच्या तेलाचा साबण त्याने होत नाही. गुलाबी रंग जाईपर्यंत सगळं कॉस्टिक आणि निम्मा कार्बोनेट संपतो. उरलेला निम्मा मिथिल ऑरेंजला कळतो. त्याला ०.४ मिलि लागलं, म्हणजे पूर्ण कार्बोनेटचं ०.८. ते ९.० मधून वजा केलं की कॉस्टिकचे उरतात ८.२ मिलि. द्रावण ०.०८२ नॉर्मल, ४० ने (कॉस्टिकच्या तुल्यभाराने) गुणलं की लिटरला ३.२८ ग्रॅम. चार ग्रॅममध्ये खरं कॉस्टिक ८२ टक्के! कार्बोनेट साधारण साडेदहा टक्के, बाकी बहुतेक पाणीच.

लेकीला एवढंच सांगा, की गुलाबी फिका पडू लागला की ॲसिड थेंबाथेंबाने सोड आणि फ्लास्क हलवत राहा. घाईने धार सोडली तर कार्बन डायऑक्साइड निसटतो, पहिलं रीडिंग फुगतं आणि कार्बोनेट कमी दिसतो. सलग दोनदा तेच रीडिंग आल्याशिवाय सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे पक्कं रीडिंग) लिहायचं नाही.

८७ ग्रॅम खरं कॉस्टिक हवं असेल तर या डब्यातलं १०६ ग्रॅम घ्यावं लागेल. पण कार्बोनेटमुळे वडीवर पांढरी भुकटी येते, म्हणून मी तरी नवा डबा आणीन. जुना ठेवा, मोरी तुंबली की कामाला येईल.