भाऊबीजेला मिळालेली साडी दुकानात बदलून मिळते का? बिल भावाकडे आहे आणि त्याला वाईट वाटू द्यायचं नाहीये.

मिळते. मी पुण्यात लक्ष्मी रोडवर एका साड्यांच्या दुकानात नऊ वर्षं काउंटरवर होते. भाऊबीज झाली की पिशवी घेऊन आलेली बाई दारातूनच ओळखू यायची. त्यातल्या बहुतेकींना आम्ही साडी बदलून दिली आहे, तेव्हा संकोच अजिबात करू नका.

मात्र साडी आहे तशी ठेवा. फॉल-पिको झाला किंवा ब्लाउजपीस कापला, की ती दुकानाला नवी म्हणून विकता येत नाही, मग मालक कितीही चांगला असो. घडीसुद्धा मोडू नका. घरी घातलेली घडी काउंटरवरच्या माणसाला बोटांनी कळते, काठावर काठ बसत नाही. आणि साडी ओवाळणीच्या ताटात ठेवली होती का, तेही आठवा. एक काकू अबोली रंगाची साडी घेऊन आल्या होत्या, खोका जसाच्या तसा. मी वरचा पदर उचलला तर काठाजवळ कुंकवाचं बोट उमटलेलं. त्यांना ते घरी दिसलंच नव्हतं. मालकांनी ड्रायक्लीनला पाठवून पाहिली, डाग फिका झाला, पण गेला नाही. त्या काकूंचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून निघण्याआधी उजेडात, घडी न उलगडता, चारी बाजूंनी बघून घ्या.

बिल नसलं तरी काम होतं. साडीला जो छोटा स्टिकर असतो त्यावरच्या नंबरावरून माल आमचा की नाही ते लगेच समजतं. किंमत दिसू नये म्हणून भाऊ मंडळी नेमका तोच ओरबाडून काढतात! तसं झालं असेल तर खोका, पिशवी जे असेल ते घेऊन जा आणि भावाचा मोबाइल नंबर सांगा. हल्ली बऱ्याच दुकानांत बिल नंबरावरूनच निघतं.

आता दिवसांचं. बदलून द्यायची मुदत कुठे सात दिवस, कुठे पंधरा, आणि ती बिलाच्या तारखेपासून धरतात. भावाने वसुबारसेलाच खरेदी केली असेल तर भाऊबीजेपर्यंत त्यातले बरेच दिवस गेलेले असतात. दिवाळीत थोडी सूट देतात, पण त्यावर विसंबू नका. भाऊबीज द्वितीयेला आणि तुळशीची लग्नं द्वादशीपासून. एकदा ती लागली की लग्नाच्या बस्त्याची गर्दी सुरू होते आणि तुमच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. मधल्या दिवसांत, रविवार टाळून, सकाळी दुकान उघडल्यावर जा.

नवी साडी पसंत करायच्या आधी विचारा, 'हिचे किती धरणार?' दिवाळीच्या सवलतीत घेतलेली असेल तर दिलेले पैसेच धरतात, छापील किंमत नाही. वरचा फरक तुम्ही भरायचा. रोख पैसे सहसा देत नाहीत. क्रेडिट नोट, म्हणजे तेवढ्या रकमेची खरेदी नंतर करता येईल अशी चिठ्ठी, दिली तर तिच्यावरची शेवटची तारीख तिथेच वाचा. समजा पैसे परत द्यायला तयार झालेच, तर ज्या खात्यातून आले त्यातच जातात, म्हणजे भावाला मेसेज जाणार. तुम्हाला ते नको आहे, तेव्हा साडीच बदला.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. रंग आवडला नाही म्हणून साडी बदलून देणं ही दुकानाची मर्जी, तो तुमचा हक्क नाही. पण साडी सदोष निघाली, मधे विरलेली, धागे ओढलेले, तर गोष्ट वेगळी. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीला तिथे काही अर्थ नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सदोष वस्तू बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. साडी भावाने विकत घेतली असली तरी त्याच्या संमतीने ती वापरणाऱ्या तुम्हीही कायद्याने ग्राहकच. दाद दिली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. माझ्या शेजारणीला एका दुकानदाराने नुसतं पाटीकडे बोट दाखवून परत पाठवलं आणि ती मुकाट्याने आली, याचं मला फार वाईट वाटलं होतं.

भावाचं म्हणाल, तर वहिनीला विश्वासात घ्या. साडी बहुतेक वेळा तिनेच निवडलेली असते, बिल कुठल्या कप्प्यात आहे तेही तिलाच ठाऊक असतं. फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवेल. जमलं तर तिलाच बरोबर घेऊन जा.