खवलेदार त्वचारोगांचे निदान: नव्या निवासी डॉक्टरांसाठी

खवले दिसताच सोरायसिस लिहून मोकळे होऊ नका, हे माझे पहिले सांगणे. रुग्णाला पुरेशा उजेडात बसवून टाळू, नखे, तोंडाची आतली बाजू, तळहात आणि तळपाय तपासा. सोरायसिसचे चंदेरी खवले हलकेच खरवडले की बहुधा खाली रक्ताचे बारीक ठिपके उमटतात. लायकेन प्लेनसमध्ये मात्र जांभळट, चपट्या, खाजऱ्या पुटकुळ्यांवर पांढऱ्या रेषांची जाळी दिसते. तळहात-तळपायांवर न खाजणारे खवलेदार डाग असतील, तर सिफिलिसची रक्ततपासणी अवश्य करा.

आपल्याकडे दुकानातून परस्पर आणलेल्या स्टिरॉइड मलमांनी गजकर्णाचे रूप इतके पालटलेले असते की, कडेचे खवले पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात घालून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीसाठी पाहिल्याशिवाय मी आजही निदान लिहीत नाही.

बायोप्सीपूर्वी शक्यतो २ आठवडे मलम थांबवा आणि पूर्ण विकसित, न खाजवलेल्या चट्ट्यातून ४ मिलिमीटरचा पंच (गोल पात्याने कापलेला त्वचेचा नमुना) घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली सोरायसिसमध्ये बाह्यत्वचेतला कणमय थर विरळ होतो आणि त्याच्या वरच्या शृंगी थरात न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचे पुंजके सापडतात, तर लायकेन प्लेनसमध्ये तोच कणमय थर पाचरीसारखा जाड होतो आणि बाह्यत्वचेला लागून खाली लिम्फोसाइट पेशींचा पट्टा दिसतो. पॅथॉलॉजिस्टकडे जाणाऱ्या कागदावर नुसते ‘त्वचेचा तुकडा’ लिहू नका. चट्टा कुठला, किती जुना, कोणती औषधे चालू आणि संशय कशाचा, हे सविस्तर कळवा. नितंबांवरच्या, वर्षानुवर्षे न हटणाऱ्या चट्ट्यांत मायकोसिस फंगॉइडिस हा लिम्फोमा (लिम्फोसाइट पेशींचा कर्करोग) पहिल्या बायोप्सीत निसटू शकतो, म्हणून तिथे पुन्हा नमुना घेण्यास संकोच करू नका.