चारशे उत्तरं आली, पण कुणाची?

प्रश्न : एम.ए.च्या प्रकल्पासाठी गावातल्या वाचनाच्या सवयींची पाहणी करतेय. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म फिरवला, 400 उत्तरं आली. सर म्हणतात, नमुना चालणार नाही. आणखी 400 मिळवू का? – एक विद्यार्थिनी, सांगली जिल्हा

उत्तर : नको गं. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण पातेलं आधी ढवळावं लागतं. आमच्याकडे वरचा भात मोकळा आणि तळाचा करपलेला, हे नेहमीचंच!

1936 साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा अंदाज घ्यायला सुमारे एक कोटी नमुना मतपत्रिका टपालानं पाठवल्या. वीस लाखांवर परत आल्या. अंदाज निघाला, रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून, तेही मंदीच्या दिवसांत, म्हणजे बहुतेक सुखवस्तू घरांचेच.

चिठ्ठ्या टाकून निवडलेले 400 असते, तर टक्केवारीत साधारण पाच इकडेतिकडे, एवढीच चूक धरली असती. पण तुझा फॉर्म भरला कुणी? स्मार्टफोनवाल्यांनी, त्यातही वाचनाची आवड असलेल्यांनी.

मतदारयादी घे. 8,000 नावं असतील तर दर विसावं नाव. पहिलं 1 ते 20 मधली चिठ्ठी काढून. घराला कुलूप दिसलं तर शेजारच्याला विचारून मोकळी होऊ नकोस. पहिल्या पाहणीत मी तेच केलं होतं, तेही भर दुपारी. वहीत नुसते आजी-आजोबा जमले. संध्याकाळी परत जा.