विद्यापीठ प्रकाशनांच्या नव्या पुस्तकांच्या बातम्या आणि लेखकांच्या मुलाखती वाचून पुस्तक निवडावं का?

निवडावं, पण मुलाखत कोणी घेतली आहे ते आधी पाहून. तुमचा प्रश्न असा आहे की विद्यापीठांच्या या प्रकाशनसंस्था आपल्या नव्या वैचारिक पुस्तकांबद्दल जे छापतात त्यावर किती विसंबायचं. इतिहास आणि अर्थशास्त्रावरची बहुतेक पुस्तकं मी याच वाटेने शोधतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बातमीचं आधी उरकतो. प्रकाशकाने दिलेली बातमी ही जाहिरात असते आणि त्यात गैर काही नाही. पुस्तक कधी येतंय, विषय काय, मोफत डिजिटल आवृत्ती आहे का, एवढं तिच्यातून घ्यावं. मोफत आवृत्तीचं जरूर बघा. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या एमआयटी प्रेसने २०२१ मध्ये ‘डायरेक्ट टू ओपन’ नावाची योजना सुरू केली. त्यात ग्रंथालयं मिळून खर्च उचलतात आणि नवी संशोधनपर पुस्तकं कुणालाही फुकट वाचता येतात. मलपृष्ठावरची कौतुकाची वाक्यं मात्र मी सोडून देतो. ती प्रकाशकाने मागवून घेतलेली असतात.

मुलाखतीकडे वळण्याआधी या पुस्तकांचं वेगळेपण लक्षात घ्या. विद्यापीठ प्रकाशनाकडे आलेलं हस्तलिखित त्याच विषयातल्या बाहेरच्या तज्ज्ञांकडे जातं, बहुधा दोघांकडे. त्यांचे अभिप्राय, त्यावर लेखकाचं उत्तर, आणि शेवटी प्राध्यापकांच्या मंडळाची मंजुरी असा तो प्रवास असतो. मंजुरी देणाऱ्या या मंडळींना ऑक्सफर्डमध्ये ‘डेलिगेट्स’ म्हणतात, केंब्रिजमध्ये ‘सिंडिक्स’. म्हणजे लेखक मुलाखतीत जे मांडतो ते निदान दोन जाणत्या माणसांच्या नजरेखालून गेलेलं असतं. पण परीक्षक मांडणीचा कस बघतात. प्रत्येक तळटीप उघडून मूळ कागद पडताळणं त्यांच्याकडून होत नाही, आणि तशी अपेक्षाही नसते.

शिवाय अभ्यासपत्रिकांमधली परीक्षणं यायला अनेकदा वर्ष-दोन वर्षं लागतात. तोवर वाचकाच्या हातात काय असतं? मुलाखतच. म्हणून मी तिला इतकं महत्त्व देतो.

आता मुलाखत घेणाऱ्याचा प्रश्न. प्रकाशनाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची मुलाखत प्रसिद्धी विभाग तयार करतो. पुस्तक छपाईला जाण्याआधी लेखकाकडून एक प्रश्नावली भरून घेतलेली असते: पुस्तक कुणासाठी आहे, त्यात नवं काय, याच विषयावरची दुसरी पुस्तकं कोणती. पुष्कळदा मुलाखत त्याच उत्तरांवर उभी असते. तिच्यातून लेखकाची भाषा कळते, मुख्य दावा कळतो, पण अवघड प्रश्न तिथे नसतो.

अवघड प्रश्न विचारतो तो त्या विषयातला माणूस. मार्शल पो या इतिहासकाराने २००७ मध्ये इतिहासाच्या नव्या पुस्तकांवर पॉडकास्ट सुरू केला, त्यातून पुढे ‘न्यू बुक्स नेटवर्क’ उभं राहिलं. तिथे मुलाखत घेणारे बरेचसे स्वतः संशोधक असतात आणि पुस्तक वाचून आलेले असतात. तासभर चाललेल्या गप्पांत लेखक हळूहळू मोकळा होतो. कोणती कागदपत्रं मिळाली, कोणती मिळालीच नाहीत, कोणतं प्रकरण गाळावं लागलं, हे तो तिथे सांगतो. प्रकाशकाच्या बातमीत यातलं काही येत नाही.

नीट तयारी केलेला मुलाखतकार काय करू शकतो याचं सगळ्यात ठळक उदाहरण मे २०१९ मधलं आहे. अमेरिकन लेखिका नेओमी वुल्फ यांचं एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनवरचं पुस्तक ऑक्सफर्डच्या डॉक्टरेट प्रबंधातून आलं होतं, प्रकाशक मात्र व्यावसायिक होता. समलिंगी संबंधांसाठी अनेक पुरुषांना फाशी दिली गेली असं त्यात म्हटलं होतं. बीबीसी रेडिओ ३ वर मॅथ्यू स्वीट यांनी त्यांना तिथेच थांबवलं. न्यायालयाच्या नोंदींमध्ये ‘डेथ रेकॉर्डेड’ असा शेरा होता, आणि १८२३ च्या कायद्यानुसार त्याचा अर्थ होता की फाशीची शिक्षा फक्त कागदावर नोंदली, आरोपीला जीवदान मिळालं. स्वीट यांनी मूळ नोंदी स्वतः काढून पाहिल्या होत्या. पुढे अमेरिकन प्रकाशकाने त्या वर्षी आपली आवृत्ती रद्द केली. प्रबंधाची तपासणी आणि संपादन या दोन्हींतून निसटलेली गोष्ट एका मुलाखतीत सापडली. मला यात लेखिकेच्या फजितीपेक्षा मुलाखतकाराच्या कष्टांचं मोल वाटतं.

उलट बाजूही पाहा. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ तोमा पिकेटी यांच्या विषमतेवरच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर हार्वर्डच्या प्रकाशनाने २०१४ मध्ये काढलं. काही आठवड्यांतच ‘फायनान्शियल टाइम्स’ने त्यातल्या आकडेवारीवर आक्षेप घेतले. ते घेता आले कारण पिकेटी यांनी आपले तक्ते सगळ्यांसाठी खुले ठेवले होते. त्यांनी सविस्तर उत्तरही दिलं. तेव्हापासून मी कोणत्याही मुलाखतीत एक गोष्ट शोधतो: लेखक आपला पुरावा कुठे पाहता येईल ते सांगतो का? सांगत असेल तर त्याचं म्हणणं पटो न पटो, पुस्तक मी हातात घेतो.

दुसरं म्हणजे लेखक आपल्या विरोधकांबद्दल कसं बोलतो. त्यांचा युक्तिवाद त्यांनाही मान्य होईल अशा शब्दांत मांडून मग खोडत असेल तर पुस्तकातही तीच निष्ठा असण्याची शक्यता मोठी. ‘आजवर कुणाला हे सुचलंच नाही’ असं कुणी म्हणालं की मी सावध होतो. ज्ञान असं एकट्याने उभं राहत नाही, आणि ज्याने विषयाचा मागोवा घेतलाय त्याला ते ठाऊक असतं. लिहिताना आपलं मत कुठे बदललं, हेही काही लेखक सांगतात. असं उत्तर ऐकायला मिळालं तर ती मुलाखत शेवटपर्यंत ऐकाच.

आणि मुलाखत ऐकून पुस्तक वाचायची गरज उरली नाही असंही होतं. एका चांगल्या लेखाएवढा ऐवज काही वेळा पुस्तकभर ताणलेला असतो, आणि तासाभरात तो पुरता हाती येतो. असं पुस्तक खुशाल सोडून द्या. ज्या मुलाखतीनंतर तुमच्याच मनात दोन-तीन शंका उरतात आणि त्यांची उत्तरं लेखकाने दिली नाहीत असं वाटत राहतं, ते पुस्तक आधी मागवा.