वाचकांचे प्रश्न : गोठवून केलेले सच्छिद्र जेलचे मणी

प्रश्न : बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे (पीव्हीए) सच्छिद्र मणी करायचे आहेत. १० टक्के द्रावणाचे थेंब प्लास्टिकच्या ताटलीवर टाकून घरच्या फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवले. सकाळी टणक गोळ्या मिळतात, पण टेबलावर ठेवल्या की पुन्हा चिकट पाणी. दर वेळी हेच होते. काय चुकते आहे?
— एक विद्यार्थिनी, मुलुंड

उत्तर : आधी पावडरीचा डबा बघा. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पीव्हीएच्या दोन जाती म्हणजे १७८८ आणि १७९९. पहिले दोन आकडे पीव्हीएच्या लांबलचक, साखळीसारख्या रेणूची लांबी सांगतात, सुमारे १,७०० कड्या. शेवटचे दोन सांगतात की मूळच्या पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचे किती टक्के अल्कोहोलमध्ये रूपांतर झाले आहे. म्हणजे १७८८ मध्ये दर शंभर कड्यांमागे बाराएक अ‍ॅसिटेट गट शिल्लक असतात. ते मध्ये आले की साखळ्या एकमेकींना खेटून बसत नाहीत आणि सूक्ष्म स्फटिक तयार होत नाहीत. या जेलला धरून ठेवतात ते हे स्फटिकच, दुसरे कुठलेही रसायन त्यात जोडणी करत नाही. त्यामुळे १७८८ कितीही वेळा गोठवली तरी हाती काही लागणार नाही.

ओळखायला सोपे आहे. चिमूटभर पावडर थंड पाण्यात टाकून ढवळत राहा. १७८८ हळूहळू विरघळते, १७९९ नुसती फुगते. स्लाइम करण्यासाठी विकतात ती बहुतेक वेळा पहिली. लाकडाचा पांढरा गोंद तर पीव्हीए नव्हेच, ते अ‍ॅसिटेटचे इमल्शन. प्रिन्सेस स्ट्रीटला गेलात तर नुसते ‘पीव्हीए द्या’ म्हणू नका. ‘फुल्ली हायड्रोलाइज्ड, १७९९’ असे मागा आणि लेबलवर ९८-९९ टक्के वाचल्यावरच पैसे द्या.

पावडर बरोबर असूनही पाणी होत असेल, तर दोष वितळवण्यात आहे. याकडे जवळजवळ सगळ्यांचेच दुर्लक्ष होते. द्रावण गोठते तेव्हा बर्फाचे स्फटिक पॉलिमरला (म्हणजे पीव्हीएला) बाजूला ढकलतात आणि तो त्यांच्या मधल्या, न गोठलेल्या पातळ थरांत दाटीवाटीने गोळा होतो. साखळ्या जवळ आलेल्या असतात, पण इतक्या थंडीत त्यांना हलता येत नाही. तापमान साधारण उणे ५ ते ० अंशांच्या दरम्यान चढते तेव्हा दाटी टिकून असते आणि हालचालही सुरू होते. जेलच्या बहुतेक गाठी, म्हणजे साखळ्यांचे ते सूक्ष्म स्फटिक, तेव्हाच बसतात. मुंबईच्या ३० अंशांच्या खोलीत तीन मिलिमीटरचा मणी हा टप्पा बघता बघता ओलांडतो. गाठी बसायला वेळच मिळत नाही.

उपाय असा : थर्माकोलच्या खोक्यात मण्यांची ताटली ठेवा, भोवती जेलपॅक किंवा पाण्याच्या सीलबंद पिशव्या लावा, आणि झाकण न लावता सगळे खोके फ्रीझरमध्ये ठेवा. किमान १२ तासांनी झाकण घट्ट लावून खोके तसेच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात हलवा आणि तिथे रात्रभर राहू द्या. मिनिटाला ०.१ अंश किंवा त्याहून हळू तापमान चढले पाहिजे. अशी दोन-तीन आवर्तने केलीत की मणी पांढरा, अपारदर्शक आणि रबरासारखा होतो.

घरचा फ्रिज फ्रॉस्ट-फ्री असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळा. त्यातला हीटर अधूनमधून आपोआप सुरू होतो आणि फ्रीझरमधली हवा गरम करतो. ताटली पूर्ण गोठल्यावर खोक्यावर झाकण सैलसर टेकवून ठेवलेत तरी हा चढउतार बराचसा अडतो.

प्रश्न : ताटलीवर थेंब चपटे होतात. गोल मणी कसे मिळतील? थंड तेलात थेंब सोडून चालेल का?
— विज्ञान शिक्षक, चेंबूर

उत्तर : तेलात होते, पण खाद्यतेल नको. फ्रीझरमध्ये ते दाट होते किंवा गोठते. कमी चिकटपणाचे सिलिकॉन तेल चालते, मात्र मण्यांवरून ते धुऊन काढणे जिकिरीचे आहे. हेक्सेन हे द्रावक अतिशय ज्वालाग्राही, ते घरच्या किंवा शाळेच्या फ्रिजमध्ये कदापि ठेवू नका. शाळेत अल्जिनेटची (समुद्री शैवालापासून मिळणारा, कॅल्शियम लागताच घट्ट होणारा पदार्थ) वाट धरा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१०० ग्रॅमसाठी : १७९९ पीव्हीए ८ ग्रॅम, सोडियम अल्जिनेट १ ग्रॅम, बाकी डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमने अल्जिनेटच्या गुठळ्या होऊ शकतात. पीव्हीए ५२ ग्रॅम थंड पाण्यात ढवळत भुरभुरा. गरम पाण्यात टाकलीत तर वरून चिकट आणि आत कोरडे असे गोळे होतात, ते मग फुटत नाहीत. अर्धा तास फुगू द्या. नंतर झाकण ठेवून ९० ते ९५ अंशांच्या पाण्यावर तास-दीड तास, द्रावण नितळ होईपर्यंत ढवळा. वजन करून उडालेले पाणी भरून काढा. अल्जिनेट उरलेल्या ३९ ग्रॅम पाण्यात वेगळे विरघळवा आणि पीव्हीए ५० अंशांपर्यंत निवल्यावर दोन्ही एकत्र करा. हवेचे बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत थांबा, नाहीतर मणी तरंगतात आणि बुडबुड्यालाच लोक छिद्र समजतात.

२० मिलिलिटरची सिरिंज, २१ गेजची सुई, आणि खाली २ टक्के कॅल्शियम क्लोराइडचे हळू ढवळले जाणारे २०० मिलिलिटर द्रावण. सुई पृष्ठभागापासून सुमारे १० सेंटिमीटर वर धरा. मण्यांना शेपूट आले तर द्रावण जास्त दाट आहे किंवा सुई फार खाली आहे. चपटे झाले तर सुई फार वर आहे. २० ते ३० मिनिटांत मणी गाळणीने काढा. त्याहून जास्त वेळ ठेवलेत तर पीव्हीए हळूहळू बाहेर झिरपते. द्रावण ढवळताना फेस धरू लागले, की ते झिरपतेय असे समजा. मणी झटकन धुऊन, निथळून, एकमेकांना न चिकटतील असे एका थरात पसरा आणि वर सांगितल्याप्रमाणे गोठवा-वितळवा.

शेवटी मणी २ टक्के ट्रायसोडियम सायट्रेटमध्ये तासभर ठेवा. सायट्रेट कॅल्शियम ओढून घेते, अल्जिनेट विरघळून निघून जाते. ही पायरी म्हणजे परीक्षाही आहे : गोठवणे नीट झाले असेल तर मणी किंचित मऊ होतो पण शाबूत राहतो आणि बोटांत दाबून सोडला की परत फुगतो. चिकट होऊन विरघळला, तर आतापर्यंत त्याला फक्त अल्जिनेटने धरून ठेवले होते.

प्रश्न : कॉलेजात द्रव नायट्रोजन आहे. त्यात थेंब टाकले तर छिद्रे अधिक चांगली मिळतील का?
— एक वाचक, माटुंगा

उत्तर : छिद्रे लहान मिळतील, कारण बर्फ जितक्या वेगाने गोठतो तितके त्याचे स्फटिक बारीक, आणि बर्फ वितळल्यावर राहिलेली जागा म्हणजेच छिद्र. शिवाय मणी तडकतील. उणे १९६ अंशांत बाहेरचे कवच आधी कडक होते, मग आतले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि कवच फोडते. मोठी, एकमेकांत उघडणारी छिद्रे हवी असतील तर उणे १८-२० अंशांचा साधा फ्रीझरच योग्य.

प्रश्न : तयार मणी पंख्याखाली वाळवले. मोहरीएवढे झाले आणि दगडासारखे कडक. छिद्रे कुठे गेली?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आत मिटली. पाणी उडताना त्याचा पृष्ठताण छिद्रांच्या भिंती एकमेकींवर ओढतो. कोरडे मणी हवेच असतील तर ते गोठलेल्या अवस्थेतच फ्रीझ-ड्रायरमध्ये (निर्वातात बर्फाची थेट वाफ करणारे यंत्र) वाळवावे लागतात. एरवी फ्रिजमध्ये डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा आणि पाणी आठवड्याला बदला. पावसाळ्यात बाहेर ठेवलेल्या बाटलीत बुरशी लवकर येते.

प्रश्न : अ‍ॅक्रिलामाइडपासूनचे क्रायोजेल (गोठवून केलेले जेल) अधिक मजबूत असतात असे वाचले. ते घरी करता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. अ‍ॅक्रिलामाइड मोनोमर (साखळीची सुटी कडी) मज्जासंस्थेला घातक आहे आणि त्वचेतून शरीरात जातो. प्रयोगशाळेत, हातमोजे घालून आणि धूरकपाटात (फ्यूम हूड) करणाऱ्यांसाठी एवढेच : सगळी द्रावणे आधी बर्फात गार करा, आरंभक (साखळ्या जोडायला सुरुवात करून देणारे रसायन) शेवटी घाला आणि लगेच उणे १२ अंशांत न्या. गोठण्याआधीच बहुलकीकरण (साखळ्या जोडल्या जाणे) सुरू झाले तर मोठ्या छिद्रांऐवजी साधे पारदर्शक जेल हाती येते.